बिनगाठीचा तुकडा

४ जानेवारी, शनिवार

शहाण्या बाईस,

तुझ्या आईकडून. टंकलेखकानं आपल्या मनानं वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. सहा वर्षांनी पहिलं पत्र पाठवायचं आणि सुरुवातच खोटी करायची, हे मला जमायचं नाही.

टंकलेखक म्हणजे वरच्या मजल्यावरचा. तू होतीस तेव्हा तो नव्हता. कचेरीत चौतीस वर्षं दुसऱ्यांचे मजकूर बडवून निवृत्त झाला आणि आता दुपारचं करायचं काय हे त्याला सुचत नाही. मी सुचवलं. माणूस सरळ आहे, फक्त मी 'गाढव' म्हटलं की तो 'अविचारी' लिहितो. तेव्हा पत्रात जिथे जिथे अविचारी दिसेल तिथे काय वाचायचं ते तुझं तू समज.

लिहायचं कारण तुझी लेक. सोमवारी आली होती. जेवली आणि स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं की हिला काहीतरी हवंय. दूर कुठल्याशा थंड मुलुखातल्या इस्पितळात तिला तीन वर्षांसाठी नोकरी लागली आहे, हे तुला माहीत असेलच. एकतीस मार्चला निघते. म्हणाली, "आजी, मला गोधडी पाहिजे."

"पेटीत सहा आहेत. उचल हवी ती."

"तयार नको. नवी. निम्मे चौकोन तुझे, निम्मे आईचे. छापील कापड अजिबात नको, सगळे एकरंगी. आणि रंग तुम्ही दोघींनी मिळून ठरवायचे."

मी म्हटलं, "टिटवे, तुझी आई आणि मी एका माठातलं पाणी पीत नाही."

"मग मी दुकानातून ब्लँकेट घेते. पिशवीत येतं. चेन असते त्याला."

चेन असलेलं पांघरूण. माझी नात, माझ्या घरात, माझ्याच खुर्चीवर बसून हे म्हणते. लहानपणी रडून गल्ली जागी ठेवायची म्हणून टिटवी म्हणायचो, आता न रडता ठेवते. तुझ्यावर गेली आहे.

तेव्हा लक्ष दे. छापील कापडाची गोधडी कुणीही करतं. फुलाशेजारी फूल, वेलीशेजारी वेल, चूक झाली तरी पाकळ्यांत हरवते. एकरंगी कापड काही झाकत नाही. रंग चुकला तर तो पांघरणाऱ्याच्या छातीवर जन्मभर चुकलेलाच राहतो. नियम तुला माहीत आहेत, पण तू ते कधी पाळले नाहीस म्हणून पुन्हा सांगते. रंग दिव्याखाली निवडायचा नाही, दुकानदार दिव्याखाली दाखवतो कारण त्याला तो खपवायचा असतो. दुपारी बाराला दारात जायचं, उजेडाकडे पाठ करायची आणि डोळे किलकिले करून सगळे तुकडे एकदम बघायचे. जे दोन एकमेकांत विरघळले त्यांतला एक बाद. जड रंग तीन, हलके दोन, एक थंड, आणि एक भांडखोर. भांडखोर नसला की गोधडी पेंगुळलेली दिसते. आपल्या घरात ती जागा कुणाची होती हे सांगायला नको.

राखाडी मात्र पाठवू नकोस. त्या डॉक्टरीणबाईंच्या गोधडीत तू काय पेरून ठेवलं होतंस ते मी विसरलेली नाही. बाईंनी आकाशी सांगितला होता आणि तू धुण्याच्या फडक्यासारखा राखाडी लावलास, ओळीनं चौदा चौकोन. मी ते उसवले तर तू घरच सोडलंस. जाताना कात्री नेलीस ती माझी होती. असू दे. मला आता लागत नाही. म्हणजे दुसरी आहे.

पडदे शिवतेस म्हणे कारखान्यात. खिडक्यांना कपडे घालायचे, सरळ टाके मारायचे, छान आहे, डोकं लागत नाही. तिथल्या बाजारातून आधी नमुन्याचे तुकडे पाठव. म्हणजे मला ते नाकारता येतील.

डोळे माझे ठणठणीत आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

अंगठा तुझ्या आईचा.


२१ जानेवारी, मंगळवार

खिडक्यांना कपडे घालणाऱ्या बाईस,

पाकीट मिळालं. पत्र दोन ओळींचं. "आई, आठ तुकडे पाठवते आहे. बघून कळव." मी टंकलेखकाला विचारलं, मागच्या बाजूला काही आहे का? नाही म्हणाला. पाकीट उलटं करून झटकायला लावलं, त्यातूनही काही पडलं नाही. सहा वर्षं झाली आणि दोन ओळी. पडद्याला दुमड घालतेस तीसुद्धा याहून मोठी असेल.

आता तुकडे. तुझा विटकरी हा विटेसारखा आहे हे खरं, पण पाडलेल्या घराच्या विटेसारखा. अंजिरी म्हणून जो दिलाय तो अंजिरी की काळा हे ठरवायला तुझा दुकानदारही बिचकला असेल. पांढरट ठीक आहे, पांढरट निवडायला अक्कल लागत नाही. मोरपंखी बरा आहे. तो तू निवडलेला नाहीस, चुकून आला असणार.

आणि एकसारखे तीन तुकडे पाठवण्यात काय गंमत वाटली तुला? मी तिन्ही एकाशेजारी एक ठेवले, उचलले, परत ठेवले. तेच ते. आईची परीक्षा घेतेस? इथे टंकलेखक खोकला. म्हणाला, "आजी, तीन एकसारखे, असं लिहू?"

"लिहा. तुम्हाला रंगातलं काय कळतं? आयुष्य काळ्या शाईत गेलं तुमचं."

"कधीकधी लाल पण असायची," म्हणाला. "खाडाखोडीला."

असला विनोद तो आठवड्यातून एकदा करतो आणि मग दोन दिवस विश्रांती घेतो.

भांडखोर म्हणून मी तो झगझगीत पोपटी ठरवला आहे. तेवढा एक तुला जमला. बाकीचं पुढच्या वेळी सांगेन. हल्ली दारात पूर्वीसारखा उजेड येत नाही. समोर कुणीतरी काहीतरी उंच बांधलं असावं. माणसं विचारत नाहीत, बांधतात.

टिटवीच्या निघण्याला दोन महिने आणि दहा दिवस राहिले. तुझ्या हाताच्या वेगानं तेवढ्यात एक उशी होते.

अंगठा तुझ्या आईचा.

(ताई, यापुढचं आजींनी सांगितलेलं नाही. चौतीस वर्षांत मी कुणाच्या मजकुरात स्वल्पविरामही आपल्या पदरचा घातला नाही. आज घालतो आहे. ते तीन तुकडे एकसारखे नाहीत. एक शेवाळी आहे, एक राखाडी आणि एक आकाशी. पोपटी तुम्ही पाठवलेलाच नाही, त्या ज्याला पोपटी म्हणाल्या तो पिवळा आहे. समोर काहीही बांधलेलं नाही. नोव्हेंबरात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो, कारण अर्जावर सही करायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगणं बरं नाही. एवढंच सांगतो, की परवा एक तुकडा त्यांच्या हातून पायाशी पडला आणि त्या तो बराच वेळ टेबलावर शोधत होत्या. मी उचलून देऊ शकलो नाही, कारण मग मी बघत होतो हे त्यांना कळलं असतं. आत्ता त्या विचारत आहेत, एवढं काय लिहिताय? पत्ता, असं सांगितलं आहे.)


९ फेब्रुवारी, रविवार

गाठी मारणाऱ्या बाईस,

दुसरं पाकीट मी स्वतः फोडलं. तुकडे हातात आले तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात काहीतरी खरखरीत. आधी वाटलं, पडदेवालीचा दोरा गुंतला. मग मोजलं. एका तुकड्याला एक गाठ. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन.

टंकलेखकाला म्हटलं, वाचा. तो वाचायला लागला. "एक गाठ, विटकरी. दोन, पिवळा. तीन, शेवाळी. चार, अंजिरी. पाच, मोरपंखी. सहा, पांढरट. सात, राखाडी." आवाज असा, जसा कपबशी फोडलेल्या माणसाचा असतो.

"टंकलेखक, हिला कुणी सांगितलं?"

त्यानं कागद उगाच चाळले.

"पत्ता फार लांबलचक होता त्या दिवशी."

त्यानं कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. इतकी वर्षं कचेरीत काढून माणसाला एक खोटं बोलता येऊ नये, हे त्या कचेरीला लांछन आहे. मी म्हटलं, "लिहा, मी चहाडखोर आहे."

"आजी, पत्र तुमचं आहे."

"म्हणूनच. लिहा."

मी चहाडखोर आहे.

"खाली सही करा." केली आहे, बघ. कंसात 'निवृत्त' असंही लिहिलंय म्हणाला. चहाडीतून निवृत्त झाला असता तर बरं होतं.

आता कळलंच आहे तर नीट कळू दे, अर्धवट माहितीवर दया दाखवत बसू नकोस. डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय. मधोमध. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. तुला बघायचं तर मला शेजारच्या भिंतीकडे बघावं लागेल, आणि तसं ते बरंच आहे. चष्म्यानं येत नाही, कापाकापी करून येत नाही. डॉक्टर पंचविशीतला. म्हणाला, "आजी, काळजी करू नका." मी म्हटलं, "काळजी तू कर, त्यासाठी शिकलास."

रंग दिसत नाहीत असं नाही. दिसतात. पण सगळे एकाच पाण्यात धुतल्यासारखे.

हे तू आणि हा वरचा, दोघं मिळून माझ्या पाठीमागे बोललात. तुम्हाला वाटलं म्हातारीचं भलं करतोय. मला अक्षर नाही. कुणी शिकवलं नाही, पुढे मीही शिकले नाही, मला गरज वाटली नाही. चार गल्ल्यांतल्या बायका रंग लावून घ्यायला माझ्या दारात यायच्या. झोकदार सह्या करणाऱ्या बायका. तागेच्या तागे पुढ्यात टाकून म्हणायच्या, तुम्ही सांगाल तसं. मी बोट ठेवायची आणि त्या कापायच्या. तेवढं एक बोट होतं माझ्याकडे. ते गेलं की अंगठा उरतो, आणि अंगठा कुणालाही असतो.

आणि तू मला गाठी मोजायला लावतेस. पहिलीतल्या मुलाला मणी देतात तसे. मी ते तुकडे टेबलावर पसरून दुपारभर बसले होते, पण ते तुझ्या यादीत चुका काढायला. चूक एकच आहे. यादीत सात रंग आणि पाकिटात आठ तुकडे. आठव्याला गाठ नाही, नाव नाही. कारखान्यात आठपर्यंत मोजायला कुणी शिकवत नाही वाटतं.

गोधडी होणार नाही. टिटवीला सांग, चेनवालं घे आणि गळ्यापर्यंत ओढ. मी नाही म्हटलं म्हणून सांग, डोळ्यांचं सांगू नकोस. उत्तरही पाठवू नकोस.

अंगठा तुझ्या आईचा. या वेळी मी पाकीट बंद होईपर्यंत हात त्यावर ठेवून बसणार आहे.


२३ फेब्रुवारी, रविवार

बाई,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही नको तेव्हा.

तो आठवा तुकडा मी चिंध्यांच्या पिशवीत टाकला होता. परवा पिशवीत हात घातला तर तोच हाती आला. मी तो बोटांतून फिरवला. एका कडेला भोकं आहेत. बारीक, एका रांगेत, करंगळीच्या पेराएवढ्या अंतरात सहा. टाका कात्रीनं कापून सावकाश काढला तर दोन धुण्यांत भोक मिटतं. रागानं हिसडून उसवलं तर सूत तुटतं आणि भोक तसंच राहतं. असं उसवणारी बाई मला एकच माहीत आहे. इतर कुणाला तेवढा राग परवडत नाही.

चौदातला एक तू उचलून नेलास तर. आणि सहा वर्षं ठेवलास. एवढी जागा आहे तुझ्या घरात.

टंकलेखकाला तो दाखवला. "कोणता रंग आहे?"

"आजी, माझं काम लिहिण्याचं."

शिकतोय. मी म्हटलं, "आज तुम्हाला बोलायची परवानगी आहे."

"आकाशी," म्हणाला. तोंडातून शब्द सुटायला वेळ लागला नाही.

आता मी सांगते ते एकदाच सांगणार आहे, आणि याला बजावलंय की एक शब्द मऊ केलात तर वरचा जिना चढू देणार नाही.

त्या दुपारी मी तुझे चौकोन उसवत होते. तू म्हणालीस, "आई, तो राखाडी नाही, आकाशी आहे." मी म्हटलं, "मला रंग शिकवतेस?" समोर शिवायला चौघी जणी बसल्या होत्या. मी तुकडा वर धरला आणि विचारलं, "काय गं, कोणता रंग?" आठवतं तुला. चौघींनी 'राखाडी' सांगितलं. मग तू कात्री उचललीस.

तुला जे आठवत नाही ते मी सांगते, कारण तू रागात होतीस आणि माझं लक्ष होतं. राखाडीला राखाडी म्हणायला वेळ लागत नाही. त्या चौघींना लागला. एकीनं घसा साफ केला. एक दुसरीकडे बघायला लागली. तिसरीनं सुई खाली ठेवली आणि मग म्हणाली, "राखाडीच दिसतोय, आजी." दिसतोय. त्यांचं काम माझ्या हातात होतं, म्हणून त्या माझ्या डोळ्यांनी बघत होत्या, आणि माझे डोळे तेव्हाच उतरायला लागले होते. तू कात्री उचलून उंबऱ्यापर्यंत जाईस्तोवर मला ते कळलेलं होतं. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच.

हाक मारता आली असती. मी काय केलं? राहिलेले सहा चौकोनही उसवले. चौघींच्या देखत, एकेक टाका. लेक गेली तरी चालेल, पण रंग चुकला असं म्हणायचं नाही. अशी अविचारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. (आजींचा मूळ शब्द मी या वेळी त्यांच्या सूचनेनुसार लिहायला हवा होता, हात वळला नाही. टं.)

चौघींनी वर्षभरात एकेक करून काम सोडलं. त्यांना काय, आंधळीकडे शिवणं लाजिरवाणं. आणि डॉक्टरीणबाईंना मी पांढरी गोधडी दिली. त्यांना म्हटलं, आकाशी आता कुणी वापरत नाही.

झालं. याचं कौतुक करून घ्यायला मी पत्र लिहीत नाही. क्षमा वगैरे शब्द टंकलेखकाच्या जिभेवर आलाय, तो त्यानं गिळावा. काम आहे म्हणून लिहितेय. गाठीनं कोणता रंग ते कळतं. शेजार कळत नाही. एक गाठ चार गाठींजवळ बसली की विटकरी पेटतो का विझतो, हे बोटाला समजत नाही, आणि रंग निवडायचा म्हणजे शेजारच निवडायचा असतो. तुला तेही मीच शिकवलंय, तू ऐकलं असशील अशी आशा नाही.

महिना राहिलाय. तू ये. डोळे घेऊन ये, तोंड तिकडेच ठेवून ये. कारखान्याला सांग, खिडक्यांनी तीन आठवडे उघडं राहायला काही हरकत नाही. यायचं नसेल तर कळवू नकोस, टिटवी चेन ओढून झोपली की मला आपोआप कळेल.

अंगठा तुझ्या आईचा.


२ एप्रिल, बुधवार

चेन आवडणाऱ्या मुलीस,

अक्षर कुणाचं हे तू ओळखलं असशील. हे तुझी आई लिहितेय, म्हणून ओळी वर चढतायत. टंकलेखकाला समोर बसवलंय. लिहून झालं की तो मला पूर्ण वाचून दाखवणार, हिनं मध्ये काही घुसवलं तर सापडेल. लेखनिकांवरचा माझा विश्वास उडालाय.

गोधडी आज पोस्टात पडली. तू सोमवारी गेलीस आणि ती आज निघाली, याला कारण तुझी आई. ती म्हणते कारण मी. तिचं लिहून झालं, आता पुढे लिही.

तुला सगळं सांगते, कारण तू हे कारस्थान केलंस आणि मग स्टेशनवर रडलीस, म्हणजे दोन्हीकडून मजा केलीस. तुझी आई चार मार्चला दुपारी आली. मी भिंतीकडे बघितलं, तेव्हा ती दिसली. जाड झाली आहे. (इथे पेन थांबलं. लिही म्हटलं.) पिशवी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य काय, तर "दाराला तेल घालत नाहीस का, केवढं कुरकुरतंय." मी म्हटलं, "तुझ्या वेळी घातलं होतं, तू आपटून गेलीस तेव्हा सांडलं." एवढ्यावर दोघींनी हात धुतले आणि तुकडे पसरले.

दुसऱ्या दिवशी बाराला दारात उभं राहिलो. म्हणजे ती उजेडाकडे पाठ करून उभी आणि मी खुर्चीत. ती सुरू झाली, "आई, हा शेवाळी, हा अंजिरी, याच्या खाली..."

"नावं नकोत. नावं गाठींनी कळतात. कोण कुणाला खातंय ते सांग."

तिनं तुकडे इकडचे तिकडे केले. मग म्हणाली, "अंजिरी शेवाळीला खातोय."

"पोटभर की नुसता चावतोय?"

"शेवाळी हिरवा राहिलाच नाही. चिखल झालाय."

"मग मध्ये कोण बसवशील?"

"राखाडी."

टिटवे, मी त्यावर काही बोलले नाही. टंकलेखक साक्षीला आहे, तो जिन्यात उभा होता. हल्ली तो उगाचच जिन्यात असतो. तुझ्या आईनं राखाडी मध्ये ठेवला. मी विचारलं, "आता?" म्हणाली, "आता दोघं आपापल्या जागी आहेत." बिनकामाचा समजत होते मी त्याला सगळा जन्म. तो भांडण मोडायच्या उपयोगाचा निघाला. माझ्या गोधडीत राखाडी, हे लेखी दिलंय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

असं अठरा दिवस चाललं. तिला धीर नाही आणि मला दिसत नाही. पिवळ्यावरून तीन दिवस अबोला होता. मी म्हणत होते विटकरीला चिकटवून लाव, ती म्हणत होती मग तिथे आग लागेल. मी म्हटलं, "थंड मुलुखात चालली आहे पोरगी, लागू दे." चौथ्या दिवशी तिनं लावला. चांगला दिसतोय का विचारलं तर म्हणाली, "दिसतोय. तुझंच खरं." असं चिडून म्हणाली की मला ते पटलं. कौतुकानं म्हणाली असती तर मी उसवायला लावला असता.

माझे टाके बोटाच्या अंदाजानं आहेत, काही ठिकाणी वाकडे. तिचे सरळ आहेत, पडद्यांची सवय. कुणाचा कोणता चौकोन हे तुला लगेच कळेल. मैत्रिणींना दाखवताना वाकडे माझे आहेत असं सांगायचं, लपवायचं नाही.

आता तुझं गणित. सात रांगा सांगितल्यास, सात चौकोनांच्या. निम्मे तिचे, निम्मे माझे. इस्पितळात औषधं मोजतेस ना? एकोणपन्नासाचे निम्मे करून दाखव. चोवीस तिचे झाले, चोवीस माझे झाले आणि बरोबर मधोमध एक भोक राहिलं. तू त्या थंडीत भोकातून हात बाहेर काढून बसली असतीस.

त्या एकावर शेवटचे चार दिवस गेले, आणि उशीर झाला तो त्याच्यावरच. ती म्हणायची, "आई, तू निवड." मी म्हणायची, "माझं झालं." ती म्हणायची, "मग मी आकाशी लावते." मी म्हणायची, "लाव की." लावत मात्र नव्हती. काल दुपारी ती बाजारात दोरा आणायला गेली. मी तिची पिशवी ओढली. तिच्या कारखान्यातली कापडं असतात त्यात, तिनं स्वतःसाठी आणलेली, त्यांना गाठी नाहीत. दहाबारा तुकडे होते. मी एकेक हातात घेतला. पोत सगळ्यांचा एकच, एकाच गिरणीचा, बोटांना काही सांगत नव्हता. मग मी तो प्रकार सोडून दिला. गोधडी मांडीवर घेतली, ते भोक समोर आणलं आणि बाजूला बघितलं, खिडकीकडे, म्हणजे कडेनं जेवढं येतं तेवढं येऊ दिलं. एकेक तुकडा भोकावर ठेवायचा, नजर खिडकीवर. पहिला काही बोलला नाही. दुसरा, तिसरा, सगळे गप्प. एक ठेवला आणि मला हात उचलावासा वाटेना. त्याहून जास्त काही झालं नाही. रंग दिसला असं मी म्हणणार नाही, मला खोटं बोलायचं नाही.

ती दोरा घेऊन आली. मी तो तुकडा तिच्या हातात दिला. म्हटलं, "हा."

तिनं तो घेतला. दारात गेली. तिची पावलं मी ऐकली, उजेडाकडे पाठ केली तेही ऐकलं. परत आली, खाली बसली आणि म्हणाली, "सुई तुझ्याकडे आहे का माझ्याकडे?" आणि शिवायला लागली.

कोणता रंग ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. आत्ता हे लिहिताना तिच्या हातात पेन आहे, चार अक्षरांत काम होईल, पण लिहीत नाहीये. टंकलेखकालाही मी वाचायला मनाई केली आहे, तसं काही लिहिलंच तर. तूही कळवू नकोस. पांघर, आणि पोहोचली एवढं कळव.

लोक मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतात, ते मला ओळखता येतं. पण तुझी आई त्यातली नाही. तो चौकोन वाईट असता तर हिनं दारातूनच सांगितलं असतं. एवढी भली ती कधीच नव्हती.